एकाच आजाराची दोन वयं

इंदोरा, नागपूर
९ जानेवारी १९७८

चि. कवडूस,
देवाजीचा जयभीम.

वरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडशील असं तुझी वहिनी म्हणते. म्हणून आंतरदेशीय घेतलं. ते वाचायलाही फाडावंच लागतं.

नऊ वर्षं झाली. माय गेली त्या दिवशी घाटावरून तू परस्पर काटोलच्या गाडीत बसलास, आणि त्यानंतर ना तुझं पत्र, ना माझं. साठ किलोमीटरवर राहणारे सख्खे भाऊ आपण. ते सगळं आज काढत नाही. आज लिहायचं कारण तुझी बायको आहे. वच्छलाचं पत्र आलं. भासऱ्याला पत्र लिहायची पाळी आली म्हणजे ती बाई किती घाबरली असेल याचा विचार कर, आणि तिच्यावर ओरडू नकोस.

ती लिहिते की दसऱ्यापासून तुझी कंबर दुखते. संत्र्याच्या पेट्या ठोकायला दिवसभर वाकून बसतो, त्यानेच भरली असं तू म्हणतोस, आणि कोणाकडून तरी तेल चोळून घेतोस. तेल चोळ, माझी ना नाही. पण ती आणखी एक गोष्ट लिहिते, आणि ती लिहिताना तिने दोनदा खोडाखोड केली आहे. लघवीला वारंवार जावं लागतं, गेलं तरी वेळ लागतो, आणि धार पातळ पडते.

त्यासाठी नागपूरला ये. इथल्या सरकारी दवाखान्यात मनोहरराव घाटे म्हणून एक डॉक्टर आहेत. माझी ओळख आहे. कशी झाली ते महत्त्वाचं नाही.

मी ठणठणीत आहे. लाकडाच्या टालीवरची मापाऱ्याची नोकरी सुटून अकरा वर्षं झाली, वय बहात्तर झालं, तरी लकडगंजापर्यंत पायी जातो. सागाचा ओंडका पाहून किती घनफूट निघेल ते अजून सांगतो. नवा मापारी फीत लावून बघतो आणि मान हलवतो.

तू पन्नाशीचा. आपल्या दोघांच्या मधात मायची पाच लेकरं गेली. म्हणून तुला जन्मल्याबरोबर शेजारणीला एका कवडीला विकून परत घेतलं. एवढ्या किमतीच्या माणसाने इतका ताठा धरू नये.

ये.

तुझा भाऊ,
देवाजी

---

इंदोरा, नागपूर
३१ जानेवारी १९७८

चि. कवडूस,
जयभीम.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "माझी कंबर माझी आहे. तू मायची तब्येत सांभाळली तेवढं पुरे." दोनच ओळी. पोस्टमन ती वाचून आला असावा, कारण हातात देताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

तू लिहिलंस ते खरं आहे. त्यावर मी काही बोलत नाही. आज दुसरंच सांगतो. मागच्या पत्रात मी ठणठणीत आहे असं लिहिलं, ते खोटं होतं.

चार वर्षांपूर्वी, चौऱ्याहत्तरच्या मार्च महिन्यात, माझी लघवी एके दुपारी बंदच पडली. पोट नगाऱ्यासारखं झालं. शेजारचे धोंडबा मला सायकल रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. तिथे नळी घातली, आणि मग ऑपरेशन झालं. लघवीच्या पिशवीखाली पुरुषांना एक गाठ असते, तिला प्रोस्टेट म्हणतात. म्हातारपणी ती वाढते आणि वाट अडवते. ती आतून कोरून काढली. लोकांना मी हर्नियाचं ऑपरेशन झालं असं सांगितलं. धोंडबांनाही तेच सांगितलं, आणि ते तर नळीसकट मला पाहून गेले होते.

दहा दिवसांनी डॉक्टर घाट्यांनी मला बोलावलं. काढलेला तुकडा त्यांनी तपासायला पाठवला होता. त्यात एका कोपऱ्यात कॅन्सर निघाला.

हा शब्द मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिला. तुझ्या वहिनीशिवाय कोणालाच ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले, "देवाजीराव, फार लहान आहे आणि संथ दिसतो. तुमचं वय बघता आत्ता काही करायचं नाही. दर सहा महिन्यांनी येऊन दाखवत जा." मी दाखवतो. चार वर्षांत तो होता तिथेच आहे. जेवतो, फिरतो, वहिनीशी भांडतो.

वच्छलाने जे लिहिलं ते मला ऑपरेशनच्या आधी दोन वर्षं होत होतं, आणि मीही लाजेने गप्प बसलो होतो. म्हणून तिचं पत्र वाचलं आणि लगेच तुला लिहायला बसलो. तुला तसंच असेल असं नाही. डॉक्टर म्हणतात, पन्नाशीत ते कमी दिसतं. पण एकदा दाखवून घे.

तपासणी कशी असते ते आधीच सांगतो, नाही तर दारातून पळशील. कुशीवर निजवतात, आणि डॉक्टर हातमोजा घालून मागून बोट घालतात. एक मिनिट लागतं. मी त्या वेळी भिंतीवरच्या पालीकडे बघत होतो. तू कशाकडे बघायचं ते तू ठरव.

कोणासमोरही न उघडलेली ही गोष्ट मी तुला लिहिली आहे. माझ्यावरचा राग कमी करू नको, तसाच घेऊन ये.

देवाजी

---

इंदोरा, नागपूर
२७ फेब्रुवारी १९७८

चि. कवडूस,
जयभीम.

हे पत्र पाकिटात घालून पाठवतो आहे. वच्छलाला जवळ बसवून वाच. पेट्यांच्या शेडमध्ये उभ्याउभ्या वाचू नको.

तू आलास, दोन दिवस राहिलास. वहिनीने केलेली झुणका-भाकर खाल्लीस. माझ्याशी मोजून सात वाक्यं बोललास, मला पाठ आहेत. डॉक्टरांकडे मी सोबत येऊ का विचारलं तर "काहून? मी काय लहान आहो?" म्हणालास. बाहेर आल्यावर मात्र म्हणालास, "पाल नव्हती गा दादा." तेवढ्यावर मी चार दिवस काढले.

त्याच दोन दिवसांत एक्स-रे झाला, सुईने तुकडा घेतला, आणि रिपोर्ट आला की कळवतो म्हणून मीच तुला गाडीत बसवलं. शुक्रवारी रिपोर्ट आला.

डॉक्टर घाट्यांनी आधी विचारलं, "तुमचे भाऊ कुठे आहेत?"

मी म्हटलं, "काटोलले."

"बरं झालं. मला तुमच्याशीच बोलायचं होतं."

त्यांनी उजेडाच्या काचेवर तुझ्या कंबरेचा एक्स-रे लावला. मला त्यातलं काय कळतं? पण त्यांनी पेनाच्या टोकाने दाखवलं तसे पांढरे डाग दिसायला लागले. कण्याच्या खालच्या मणक्यांवर, आणि डाव्या कुल्ल्याच्या हाडात. कवडू, तुलाही तेच आहे, जे मला आहे. पण तुझं गाठीत थांबलं नाही, हाडात गेलं आहे. कंबर पेट्यांनी दुखत नव्हती.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, माझं चार वर्षांत जागचं हललं नाही. तो माझ्याहून बावीस वर्षांनी लहान आहे. उलटं झालं असंन. कागद बदलले असतील, पाहा ना एकदा."

त्यांनी माझ्या समाधानासाठी पुन्हा नाव वाचून दाखवलं. कवडू दादाजी. आपल्या बापाचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं आणि कागद बदलले म्हणायला जागा उरली नाही.

मग ते म्हणाले, "त्यांना सांगू नका. माणूस खचतो. हाडाला सूज आहे, त्यासाठी एक ऑपरेशन करावं लागेल, एवढंच सांगा. पुढचं मी बघतो." चांगल्या मनाने म्हणाले. सगळ्यांच्या घरी असंच करतात. मी "हो" म्हणून उठलो.

काल रविवारी मी काटोलला आलो होतो. तुला माहीत नाही. स्टँडवरून चालत तुझ्या शेडपर्यंत आलो आणि रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर बसलो. तू खिळे ओठात धरून पेटी ठोकत होतास. संत्र्यांची गाडी घेऊन कोणी आला होता, त्याने काहीतरी म्हटलं, आणि तू खिळे हातात काढून हसलास. डाव्या पायावर भार न देता हसलास, हे मला एवढ्या दुरून दिसलं. सूज आहे म्हणून सांगायचं असं गाडीत घोकत आलो होतो. चहा संपला. मी उठलो आणि परतीच्या गाडीत बसलो.

कारण एकदा मी तुझ्याशी असंच केलं आहे.

अडुसष्ट सालच्या दिवाळीत माय अंथरुणाला लागली तेव्हा तुझं पेट्यांचं पहिलं मोठं काम सुरू होतं. मी तुला दोन पत्रं लिहिली. "मायची तब्येत ठीक आहे, हंगाम सोडून येऊ नको." तू विश्वास ठेवलास. मी तुझ्या धंद्यासाठी तसं लिहिलं असं घाटावर सगळ्यांना सांगितलं, तुझ्या वहिनीला सांगितलं, आणि नऊ वर्षं स्वतःलाही सांगत आलो.

ते अर्धंच खरं आहे. उरलेलं आज लिहितो. मी तिला उचलून बसवत होतो, तिचे पाय चेपत होतो, पेज भरवत होतो. आणि ती माझ्या हातची पेज खाताना विचारायची, "कवडू आला का रे?" रोज. सकाळची काटोलची गाडी यायची वेळ तिला बरोबर कळायची. मी म्हणायचो, उद्या येते. मला वाटायचं, दोन महिने मी करून राहिलो, अन् नाव त्याचं. तो आला की ही माझ्याकडे बघणार नाही. पासष्टीला टेकलेला माणूस मी, आणि मायच्या उशाशी बसून लहान भावाचा हेवा करत होतो. म्हणून नाही बोलावलं. शेवटच्या दिवशीही तिने विचारलं. मी शेवटच्या दिवशीही उद्या म्हणालो.

तू घाटावर म्हणालास, "तू मले मायचं तोंड पाहू नाही देल्लं." बरोबर म्हणालास. माफी मागायला हे लिहीत नाही, ती मागायला तोंड नाही. एवढ्यासाठी लिहितो की त्या वेळी जे तुझं होतं ते मी माझ्यापाशी ठेवून घेतलं. या वेळी आजार तुझा आहे. त्याची खबरही तुझीच आहे. ती मी ठेवून घेणार नाही.

आता हे माहीत झाल्यावर काय करायचं ते तू सांग. मी तसं करीन.

देवाजी

---

इंदोरा, नागपूर
१८ मार्च १९७८

प्रिय कवडू,
जयभीम.

दोन आठवडे तुझं काहीच आलं नाही. वहिनीने माझ्याशी बोलणं सोडलं होतं. "डॉक्टरनं नाही म्हटलं तरी तुमाले काहून राहवलं नाही?" एवढंच दिवसातून दोनदा म्हणायची. काल तुझं पत्र आलं, ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं. "दादा, आठ दिवस तुझ्या नावानं शिव्या देल्ल्या. मग वच्छला म्हणे, शिव्या संपल्या असंन तर आता पुढचं बोलू. बरं केलं सांगितलं ते. दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर तुले पुन्हा नऊ वर्षं देल्ली असती." वहिनी पदराने डोळे पुसत आत गेली आणि आतूनच ओरडली की चहा हवा का.

तुझे तीन प्रश्न आहेत. मी ते कागदावर उतरवून घाट्यांकडे घेऊन गेलो. त्यांचं न ऐकता मी तुला सगळं सांगितलं हे आधी कबूल केलं. ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मग आता बरोबर बोलू. विचारा."

पहिला प्रश्न तू लिहिला तसाच वाचला. "दादाच्या वयाले सोडते अन् माझ्या वयाले धरते, असा कसा आजार?"

डॉक्टर म्हणाले, "वय हा काही पक्का नियम नाही. पंचाहत्तरीच्या माणसातही मी हा आजार चवताळलेला पाहिला आहे. पण उतारवयात पुष्कळांना तो असतो आणि त्यांना कधी कळतही नाही. ते दुसऱ्याच कशाने तरी जातात. तुमचा तर दुसऱ्या ऑपरेशनात आपसूक सापडला, अगदी लहान असताना. पन्नाशीत तो क्वचितच होतो, म्हणून तिथे कोणी शोधत नाही. कंबर दुखते म्हटलं की कंबरच बघतात. सापडेपर्यंत तो हाडात पोचलेला असतो. आणि या वयात हाडात पोचलेला आजार बहुधा घाईत असतो."

मी विचारलं, "त्याच्याकडून काही चुकलं का? ओझी उचलली, वेळेवर जेवला नाही, असं?"

"काही चुकलं नाही. तुम्ही काही पुण्य केलं नाही आणि त्यांनी काही पाप केलं नाही."

हे मी मुद्दाम तसंच्या तसं लिहितो आहे. कारण तू मनात काहीतरी शोधत बसला असशील. मी तर बसलोच आहे.

दुसरा प्रश्न, किती दिवस. ते म्हणाले, ऑपरेशन केलं तर दोन वर्षं, कदाचित तीन. काहींना जास्तही मिळतात. मी "बहुधा" आणि "कदाचित" हे दोन शब्द घरी घेऊन आलो. तूही ते ठेव.

तिसरा प्रश्न तू बारीक अक्षरात लिहिलास. ऑपरेशनात दोन्ही अंडं काढून टाकतात हे खरं आहे. तिथून रक्तात जो रस उतरतो त्यावर हा आजार पोसतो, म्हणून तो रसच तोडायचा. हाडाचं दुखणं त्याने उतरतं, कधीकधी चार दिवसांत. आणि तू विचारतोस, "मग मी माणूस राहीन का?"

हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. याचं उत्तर त्यांच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. माझं ते ऑपरेशन नव्हतं, पण जे झालं त्यानंतर नवराबायकोतलं माझंही संपलं. सहा महिने मी वहिनीच्या नजरेला नजर दिली नाही. अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. एक दिवस तिने धरून विचारलं तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच ना? मले वाटलं तुमी मरून राहिले." आणि माझं अंथरूण गुंडाळून आत घेऊन गेली.

वच्छलाला विचार. मला वाटतं ती याहून काही वेगळं बोलणार नाही.

ऑपरेशनची तारीख घेऊ का ते कळव. जबरदस्ती नाही. तू नाही म्हटलंस तर मी डॉक्टरांना नाही सांगीन, आणि काटोलला येऊन तुझ्याशेजारी बसून तेल चोळीन.

देवाजी

---

इंदोरा, नागपूर
२१ नोव्हेंबर १९७८

प्रिय कवडू,
जयभीम.

संत्र्यांची करंडी मिळाली. सोबतच्या चिठ्ठीत वच्छला लिहिते की तू आता सकाळी चार तास शेडमध्ये बसतोस, आणि पेटी चुकली तर तिच्यावर ओरडतोस. ओरड. एप्रिलमध्ये तुला खाटेवरून उठवायला दोन माणसं लागत होती, आणि ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी तू एकटा उठून व्हरांड्यात गेलास. मी डबा घेऊन आलो तर खाट रिकामी. तू व्हरांड्यात कठड्याला टेकून बिडी ओढत होतास. "दुखत नाही गा दादा," म्हणालास, आणि बिडी माझ्यापुढे धरलीस.

त्यानंतर तू दीड महिना इथे राहिलास. इतके दिवस आपण एका घरात दीक्षेच्या वर्षानंतर पहिल्यांदाच राहिलो. छप्पन साली मैदानावर माय पांढरं लुगडं नेसून तुझा खांदा धरून उभी होती, आणि मी तिच्या मागे. कोण कुठे उभं होतं यावरून आपण या वेळी वाद घातला. तू म्हणालास, ती दादाचा खांदा धरून होती. मी म्हणतो, तुझा. तू मला बरं वाटावं म्हणून तसं म्हटलंस का? आता विचारत नाही.

तुझ्या अंगातून गरम वाफा निघतात, घाम फुटतो, असं लिहिलं होतंस. घाटे म्हणाले ते ऑपरेशनमुळेच आहे, बायकांना पाळी जाताना होतं तसं. वहिनीला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तुझ्यासाठी निरोप आहे, "आता समजलं म्हणा बायकायले काय होते ते. थंड पाण्यात पाय ठेवून बसा."

वच्छला पेट्यांचं सगळं काम शिकते आहे हे वाचून बरं वाटलं, आणि वाईटही. तुला माहीत आहे म्हणून तू तिला शिकवतो आहेस. सूज आहे असं मी सांगितलं असतं तर तू हा हंगामही एकट्यानेच ओढला असतास.

माझी तपासणी झाली. जसं होतं तसंच. हे लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. पण तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे, आणि चांगली बातमीही त्यात येते.

देवाजी

---

इंदोरा, नागपूर
९ ऑगस्ट १९८०

प्रिय कवडू,
जयभीम.

वच्छलाच्या अक्षरात तुझं पत्र आलं. मधात मधात तिचे स्वतःचे शब्द घुसले आहेत ते मला ओळखू येतात. "जेवत नाहीत" हे तू सांगितलेलं नाही.

दुखणं पुन्हा उलटल्यावर दिलेल्या गोळ्यांनी आता काही होत नाही असं घाटे मागच्या महिन्यात म्हणाले, ते मी तुला त्याच दिवशी लिहिलं. तू उत्तरात लिहिलंस, "मग आता दवाखान्याच्या गाड्या बंद. इथंच बरं आहे." मी डॉक्टरांना तसं सांगितलं. दुखण्यासाठीचं औषध त्यांनी दिलं आहे, ते सोबत घेऊन येतो. कसं द्यायचं ते मला नीट दोनदा समजावून दिलं आहे.

तू लिहितोस, "दादा, तू ये. पण आल्याबरोबर तब्येत कशी आहे म्हणून विचारू नको. सगळेच विचारतात. दुसरं बोल." ठीक आहे. लकडगंजात हल्ली बल्लारशाचा साग कमी येतो, आणि नवा मापारी अजूनही सालीसकट माप घेतो. त्यावर मला पुष्कळ बोलायचं आहे. तू कंटाळलास तर झोपी जा, मी बोलत राहीन.

गुरुवारच्या सकाळच्या गाडीने निघतो. वहिनी दोन दिवसांनी येते. परतीचं काही ठरवलेलं नाही.

देवाजी

---

इंदोरा, नागपूर
२६ नोव्हेंबर १९८०

चि. वच्छलास,
देवाजीचा जयभीम.

कवडू जाऊन अडीच महिने झाले. तुला मी पहिल्यांदाच पत्र लिहितो आहे. भासऱ्याने कसं लिहावं ते मला माहीत नाही, पण पहिलं पत्र तूच लिहिलं होतंस, तेव्हा आता लाज कशाची?

तिकडून आल्यापासून रोज दुपारी त्याच्यापाशी काढलेल्या शेवटच्या पंचवीस दिवसांचं काही ना काही आठवतं. एकदा तू पाणी आणायला गेली होतीस. तो डोळे मिटून पडला होता. एकदम म्हणाला, "दादा, तू माझ्याहून बावीस वर्षांनी मोठा ना?" मी हो म्हटलं. "मग माझे बावीस तुझ्याच खात्यात गेले असंन. पाहून ठेव." आणि हसला. मला हसता आलं नाही. तो म्हणाला, "हास ना गा. गंमत करून राहिलो." तेव्हा हसलो. त्याला दाखवण्यापुरता.

आणि त्याच संध्याकाळी त्याने मायचं विचारलं. ती शेवटी कशी दिसत होती, काय नेसली होती, काय खाल्लं. मी सगळं सांगितलं. ती कशी विचारायची तेही पुन्हा सांगितलं, सकाळच्या गाडीची वेळ आणि सगळं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मले वाटलं होतं ती विसरली असंन मले." एवढंच. बारा वर्षं तो माझ्यावर रागावला होता असं मी धरून चाललो होतो. रागाच्या खाली हे होतं.

आता ज्यासाठी पत्र लिहितो ते.

काल माझी तपासणी होती. मी जाणार नव्हतो. तुझ्या जावेने ढकलून पाठवलं. डॉक्टर घाट्यांनी आधी कवडूचं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मला तपासलं, रक्ताचा कागद पाहिला आणि म्हणाले, "देवाजीराव, तुमचं अजून तिथेच आहे. पंचाहत्तरी झाली. या आजाराने तुम्ही जाल असं मला वाटत नाही."

ही चांगली बातमी ऐकून मी बाहेर आलो आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. लोक जाताना थांबत होते. एका बाईने पाणी आणून दिलं, पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "काय म्हणाले जी डॉक्टर? लई वाईट आहे का?" तिला काय सांगू? मी मान हलवली. ती म्हणाली, "धीर धरा," आणि माझ्याजवळ बसून राहिली. मी तिला खरं सांगितलं नाही.

तुला सांगतो आहे. मी बरा आहे, वच्छला. हे तुला लिहिताना मला चोरी केल्यासारखं वाटतं. पण दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

संत्र्यांचा हंगाम सुरू झाला असेल. शेडमध्ये एकटीने भागत नसेल. सोमवारी सकाळच्या गाडीने मी येतो. फळ्या निवडून देईन, खिळे सरळ करून देईन, उरलेला वेळ बसेन. मला पाहून तुला राग आला, हा म्हातारा बसला आहे आणि तो नाही, असं मनात आलं, तर तोंडावर बोल. गिळून टाकू नको. मी ऐकून घेईन आणि मंगळवारीही तिथेच असेन.

तुझा भासरा,
देवाजी